एडीएचडी असलेल्या किशोरांची झोप: औषधाविना उपचार कुठून आले

डीएसएम-३ या अमेरिकी निदानपुस्तिकेने १९८० साली ‘झोपेत फार हालचाल’ हेही अतिचंचलतेच्या लक्षणांत धरले होते; लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांच्या या विकारालाच आज एडीएचडी म्हणतात. १९८७च्या सुधारित आवृत्तीतून ते गळाले.

उपचार आले ते प्रौढांच्या निद्रानाशावरच्या कामातून. १९७२ साली मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी मांडलेले नियम आजही वापरात आहेत: झोप आली तरच आडवे व्हायचे, पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसरीकडे बसायचे, सकाळी उठायची वेळ रोज एकच. किशोरांचे गाडे अडते ते ‘दुसरीकडे’ या शब्दापाशी. उठलेला मुलगा फोन उचलतो आणि दीड वाजतो. त्या वेळी काय करायचे हे संध्याकाळीच ठरवून, पुस्तक किंवा चित्रकलेची वही खुर्चीवर काढून ठेवावी लागते. आयत्या वेळी स्वतःला आवरणे हेच तर एडीएचडीत जड जाते.

दुसरा धागा शरीराच्या घड्याळाचा. झोप चांगली, पण लागते फार उशिरा, अशा रुग्णांचे वर्णन न्यूयॉर्कमध्ये १९८१ साली झाले. तेव्हाचा उपाय म्हणजे रोज तीन तास आणखी उशिरा झोपत आठवडाभरात घड्याळाची पूर्ण फेरी मारून हव्या वेळेवर यायचे. शाळा सांभाळून हे कुणाला जमणार? १९९० साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल यांच्या गटाने सकाळी दोन तास २,५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) इतका प्रखर प्रकाश आणि संध्याकाळी मंद उजेड हा सोपा मार्ग तपासला. नेदरलँड्समधल्या २००५च्या अभ्यासात, झोप उशिरा लागणाऱ्या एडीएचडीच्या मुलांत मेलाटोनिन हे रात्र झाल्याची खूण देणारे संप्रेरक सुमारे पाऊण तास उशिरा वाढताना दिसले. ही मुले औषध घेत नव्हती, त्यामुळे सगळा दोष गोळीवर टाकता येईना.

प्रकाशाची वेळ चुकली तर मात्र उलटे होते. एरवी दहाला आपोआप उठणाऱ्याला पाचलाच प्रखर दिव्यासमोर बसवले, तर शरीराचे घड्याळ आणखी पुढे ढकलले जाऊन झोप अजून उशिरा लागू शकते. म्हणून सुरुवात नैसर्गिक जागेच्या वेळेपासून करून रोज अर्धा तास अलीकडे यायचे. रविवारी बारापर्यंत झोपले की आठवड्याची कमाई बरीचशी जाते.

मेलबर्नच्या २०१५च्या मोठ्या चाचणीत दोन भेटी आणि एका फोनवरच्या मार्गदर्शनाने झोप सुधारली, लक्षणेही थोडी कमी झाली. पण ती मुले ५ ते १२ वर्षांची. किशोरांसाठी मानसशास्त्रज्ञ ॲलिसन हार्वी यांच्या झोपेवरच्या उपचारपद्धतीवर बेतलेली एक प्राथमिक चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यात १४ जण होते आणि तुलनेसाठी गट नव्हता.