जकातपात्र संपत्ती

इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक असलेली जकात, म्हणजे संपत्तीतून द्यायचे अनिवार्य दान, प्रत्येक मालमत्तेवर द्यावी लागत नाही. राहते घर, कपडे, भांडीकुंडी, वापरातले वाहन, सुताराची करवत किंवा शिंप्याची मशीन यांवर ती नाही. वाढणाऱ्या किंवा वाढू शकणाऱ्या धनावर ती आहे. ‘जकात’ या अरबी शब्दात शुद्धी आणि वाढ हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत हाच शब्द फारसीमार्गे येऊन नाक्यावरच्या कराला चिकटला. मुंबईतला तो कर १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर संपला. धार्मिक जकातीचा त्याच्याशी संबंध नाही. ती कुणाला द्यायची ते आठ गट कुराणाने (९:६०) सांगितले आहेत, आणि गरीब-गरजू त्यांत पहिले.

सोने, चांदी, रोकड आणि विक्रीसाठी ठेवलेला माल यांवर अडीच टक्के जकात लागते. त्यासाठी धन किमान मर्यादेइतके, म्हणजे ‘निसाब’ एवढे असावे आणि चांद्र वर्ष उलटलेले असावे. निसाब सोन्याचा २० मिस्काल (जुने वजन), चांदीचा २०० दिरहम (चांदीचे जुने नाणे). भारतात तो साडेसात तोळे सोने, साडेबावन्न तोळे चांदी असा सांगतात. इथे तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा, हे विसरू नये. सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा असला, तरी निसाबाचे साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम होतात. पैगंबरांच्या काळी दोन्ही निसाबांची किंमत जवळपास सारखी होती. आता चांदी फार मागे पडली आहे. म्हणून रोकड चांदीच्या निसाबाने मोजली, तर बेताची शिल्लक असलेले घरही देणाऱ्यांत येते. गरिबांच्या हिताचे म्हणून अनेक उलेमा (धर्मपंडित) हेच माप धरतात.

दागिन्यांवर सुन्नी इस्लामच्या चार धर्मशास्त्रीय मतांत (हनफी, शाफई, मालिकी, हंबली) मोठा मतभेद आहे. हनफी मतानुसार वापरातल्या सोन्याचांदीच्या दागिन्यांवरही जकात आहे. शाफई, मालिकी आणि हंबली मतांत सर्वसाधारणपणे ती माफ आहे. महाराष्ट्रात हा फरक घरोघरी जाणवतो, कारण कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत, तर मराठवाड्यातले बहुसंख्य हनफी. गुंतवणूक म्हणून ठेवलेल्या सोन्याच्या बिस्किटाला मात्र कुठेच सूट नाही. जमिनीच्या तुकड्याचे तसेच: घर बांधायला घेतला तर जकात नाही, पुढे विकण्याच्या हेतूने घेतला तर तो व्यापारी माल ठरतो.

जनावरांत उंट, गाय-म्हैस आणि शेळी-मेंढी येतात. बहुतेक मतांनुसार ती वर्षाचा बराच काळ मोकळ्या कुरणावर चरणारी हवीत. पाच उंटांवर एक शेळी, तीस गाईंवर एक वर्षाचे वासरू, चाळीस मेंढ्यांवर एक मेंढी. जमिनीत सापडलेल्या पुरातन गुप्तधनाचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो.

शेतमालाला वर्षाची अट नाही. ‘कापणीच्या दिवशी त्याचा हक्क द्या’ अशी कुराणाची (६:१४१) आज्ञा आहे. पावसावरच्या पिकाचा दहावा भाग (‘उश्र’), खर्च करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा. निसाब पाच वस्क, म्हणजे सुमारे ६५० किलो. हनफी मताचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा यांनी ही मर्यादा मानली नाही आणि भाजीपाला, फळेही यांत धरली. शाफई मताने फळांपैकी फक्त खजूर आणि द्राक्षे, शिवाय साठवून खाण्याचे धान्य. त्यामुळे कोकणातल्या शाफई शेतकऱ्याच्या भातावर उश्र आहे, आंब्याच्या बागेवर नाही. आंबा विकून आलेली रोकड निसाबाइतकी वर्षभर शिल्लक राहिली, तर तिच्यावर अडीच टक्के.