सारायेव्होचे गुलाब

सारायेव्होचे गुलाब (बॉस्नियन : सारायेव्हस्के रूझे) : बॉस्निया-हर्झेगोव्हिनाची राजधानी सारायेव्हो येथील रस्त्यांवर तोफगोळ्यांनी पडलेले व युद्धानंतर लाल राळ ओतून भरलेले खड्डे. आकार उखळी तोफेच्या गोळ्याचा. रंग तेवढा शहराने भरलेला.

५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६ असे १,४२५ दिवस हे शहर वेढ्यात होते. भोवतालच्या डोंगरांवरून बॉस्नियन सर्ब सैन्य तोफा डागत असे. उखळी तोफेचा गोळा जवळजवळ उभाच खाली येतो. डांबरात मधोमध एक लहानसा खळगा पडतो आणि भोवती उडालेल्या तुकड्यांचे ओरखडे चहूकडे पसरतात. याच ओरखड्यांना लोकांनी पाकळ्या म्हटले. गुलाब दिसायला थोडी कल्पनाशक्ती लागते, हे मान्य करावे लागेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला एखाद्या मोठ्या जनावराच्या पंजाचा ठसा आठवावा, असेच ते रूप आहे. ओरखड्यांच्या मांडणीवरून गोळा कोणत्या दिशेने आला याचा अंदाज बांधता येतो. त्यामुळे युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात मार्काले मंडईतील खड्ड्याचा अभ्यास पुरावा म्हणून मांडला गेला. वेढ्याच्या काळातील बॉस्नियन सर्ब सेनानी स्टानिस्लाव्ह गालिच याला २००६ मध्ये अपिलात जन्मठेप झाली.

खड्डे रंगवण्याच्या कल्पनेचे श्रेय वास्तुशास्त्राचे प्राध्यापक नेजाद कुर्तो यांना दिले जाते. जेथे एका गोळ्याने किमान तीन माणसे मारली गेली, तेथे गुलाब करावा, असा सर्वसाधारण संकेत सांगतात. मार्कालेत ५ फेब्रुवारी १९९४ रोजी एका १२० मिमी गोळ्याने ६८ जण ठार झाले. तेथील खड्डा जपला असून मागच्या लाल भिंतीवर मृतांची नावे आहेत. फेरहादिया या पादचारी रस्त्यावर २७ मे १९९२ रोजी पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर गोळे पडले. आज त्याच फरसबंदीवरून लोक आईस्क्रीम खात फिरतात. बहुतेक गुलाबांजवळ पाटी नाही, नाव नाही, कठडाही नाही. ठाऊक असलेला माणूस पाऊल वळवून पुढे जातो. पर्यटकाचा पाय मात्र नकळत पाकळीवर पडतो.

हाच लाल रंग ६ एप्रिल २०१२ रोजी पुन्हा दिसला. वेढा सुरू झाल्याला वीस वर्षे झाली म्हणून दिग्दर्शक हारिस पाशोविच यांनी टिटो रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या. शहरात मारल्या गेलेल्या प्रत्येकासाठी एक; त्यांपैकी ६४३ लहान खुर्च्या मुलांसाठी. आयोजकांनी नुसत्या खुर्च्या ठेवल्या होत्या. लहान खुर्च्यांवर फुले, टेडी अस्वले, खेळण्यातल्या मोटारी आणून ठेवल्या त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांनी.

स्रेब्रेनित्साच्या स्मृतीचे फूल वेगळे आहे आणि तेथे रंगही वेगळा. जुलै १९९५ मध्ये त्या गावी व आसपास आठ हजारांहून अधिक बॉस्नियाक (बॉस्नियन मुस्लिम) पुरुष व मुलगे मारले गेले. ग्राचानित्सा येथील बायका क्रोशाने विणतात ते फूल अकरा पांढऱ्या पाकळ्यांचे, हिरव्या गाभ्याचे असते. पाकळ्या अकरा, कारण तारीख ११ जुलै. पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या बायका हिरव्या कापडाने झाकलेल्या शवपेटीभोवती उभ्या आहेत, असाही त्याचा अर्थ लावतात. ते छातीवर टाचता येते, म्हणून गावाबाहेर, देशाबाहेर पोचले. गुलाबांना ती सोय नाही; ते जागेलाच चिकटलेले.

म्हणूनच ते नाहीसेही होतात. रस्त्याचे डांबरीकरण झाले, फरश्या बदलल्या की त्यांच्याबरोबर काही गुलाब गेले. राळेचा रंग पावसा-बर्फाने विटतो, तो अधूनमधून पुन्हा भरावा लागतो. ज्या खड्ड्यांत कधी राळ पडलीच नाही, तेही शहरभर आहेत. पाऊस पडला की तेवढ्यापुरते पाण्याने भरतात.