रुमालातून प्रकल्पवहीत

2018 साली आलेलं बालभारतीचं दहावीचं इतिहासाचं पुस्तक उघडून त्यात लढाया आणि तह शोधायला गेलं, तर हाती फारसं लागत नाही. पहिले दोन पाठ इतिहासलेखनाचे, तिसरा उपयोजित इतिहासाचा. पुढे प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन आणि शेवटी ऐतिहासिक ठेव्यांचं जतन. माहिती नुसती पाठ न करता ती जमवायची, लावायची आणि चारचौघांत मांडायची, असा एकंदर रोख. इंग्लंडात लीड्सला 1972 मध्ये सुरू झालेल्या शालेय इतिहास प्रकल्पाने मुलांच्या हाती थेट साधनंच, म्हणजे त्या त्या काळचे मूळ पुरावे, दिली होती. आपल्याकडे मात्र ही रीत त्याहून बरीच जुनी, फक्त ती शाळेबाहेर वाढली.

1898 साली इतिहास संशोधक वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात वाईला मिळालेली, पानिपतच्या आगेमागच्या काळातली पत्रं होती. जुनी दप्तरं, म्हणजे घरातले जपलेले कागद, बघायला मागितली की घरमालक बिचकायचे. वतनाचा, इनामाचा कागद परक्याच्या हाती कोण देणार? जे मिळालं त्यातल्या प्रत्येक पत्राला लेखांक, म्हणजे स्वतःचा क्रमांक, पडला. लेखांक अमुक म्हटलं की कुणालाही तेच पत्र काढून पडताळता येतं. सोय किरकोळ वाटते, पण नीट भांडायचं तर तीच लागते!

तारीख लावणं त्याहून किचकट. पत्रांवरचं वर्ष अरबी अंकशब्दांत असायचं: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. झालं शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत वापरली जाणारी कालगणना, 1161. त्यात महिना बघून 599 किंवा 600 मिळवायचे, की 1760-61, म्हणजे पानिपतचंच वर्ष. कित्येक पत्रांवर तर वर्षच नसतं. मग मजकुरातली माणसं, मुक्काम, तिथी-वार यांचा मेळ घालत बसायचं.

1910 मध्ये राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. सापडलेला कागद सभेत वाचायचा, त्यावर चर्चा झडायची, मग तो छापायचा. गो. स. सरदेसाई तर मुळात शिक्षकच. बडोद्यात राजपुत्रांना शिकवताना काढलेल्या टिपणांतून त्यांचा ‘रियासत’ हा इतिहासग्रंथ उभा राहिला. पुढे 1930 ते 1934 या काळात त्यांनी पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून निवडक कागदांचे 45 भाग संपादित केले.

शाळेत यातलं फारसं झिरपलं नाही. हे जुने कागद ज्या लिपीत आहेत ती मोडी अभ्यासक्रमातून गेली आणि घरातला कागद घरातल्याच मुलाला वाचता येईना. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टी सोडा, शाळेबाहेरच्या जगाशी शिक्षण जोडा असा आग्रह धरला, तेव्हा कुठे पुस्तकं बदलू लागली. आता प्रकल्पवहीत गावच्या वीरगळाचा फोटो येतो, आजीची मुलाखत येते. फोटो कुणी, कुठे, कधी काढला ही ओळ मात्र सहसा नसते, आणि माझ्या मते पहिले गुण त्या ओळीलाच द्यायला हवेत.