पित्ताच्या पिशवीचे ऑपरेशन

पित्ताशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. पुस्तकात तिला पित्ताशय-उच्छेदन म्हणतात. मराठवाड्यात हा शब्द कोणी उच्चारत नाही. इथे 'पित्ताची पिशवी काढणे' किंवा नुसते 'खड्याचे ऑपरेशन' म्हणतात. पित्ताशयातले खडे त्रास देऊ लागले की ही शस्त्रक्रिया करतात. आज ती बहुधा दुर्बिणीतून होते, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो आणि पुढे पित्ताशयावाचून नेहमीसारखा जेवतो-खातो.

पित्ताशय ही उजव्या बरगड्यांच्या आड, यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली सात ते दहा सेंटिमीटर लांबीची पिशवी. पित्तरस तिच्यात तयार होत नाही, तो यकृतात तयार होतो, दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर. पिशवीत त्यातला ३० ते ५० मिलिलिटर मावतो, आटून घट्ट होतो आणि तेलातुपाचे जेवण आतड्यात उतरले की पिशवी आवळून तो सोडून देते. या आटण्यातच खड्यांचे मूळ आहे. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झाले किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली की साका धरतो आणि त्याचे खडे बनतात. बायकांत, वारंवार बाळंतपणे झालेल्यांत, चाळिशीपुढे, स्थूलपणात, मधुमेहात आणि झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांत ते अधिक आढळतात.

तीन शब्दांचा घोळ

या आजारात मराठवाड्यातला रुग्ण उशिरा दवाखाना गाठतो, त्याला पैसा आणि अंतर ही कारणे आहेतच. पण भाषेचाही त्यात वाटा आहे. पित्त, खडा आणि पिशवी हे तिन्ही शब्द आपल्याकडे आधीच दुसऱ्या दुखण्यांनी अडवून ठेवलेले आहेत.

पित्त म्हटले की छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. ती जठरातल्या आम्लाची. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच, ती ॲलर्जी. या दोन्हींचा पित्ताशयाशी संबंध नाही. खड्याची कळ वेगळी असते. रात्री मटणाचे किंवा तळणाचे जेवण झाल्यावर तासा-दोन तासांनी वरच्या पोटात, मधोमध किंवा उजवीकडे दुखू लागते, दुखणे चढत जाते, पाठीत उजव्या खवाट्यापर्यंत जाते, मळमळते, उलटी होते. अर्धा तास ते चार-पाच तास ही कळ टिकते आणि मग आपोआप ओसरते. ओसरते म्हणूनच फसगत होते. मध्यंतरी ओवा, सोडा, मेडिकलवरची गोळी असे काही ना काही घेतलेले असते आणि श्रेय त्याला मिळते. 'पित्तच खवळलं होतं, आता बरं वाटायलंय' असे म्हणत वर्षे जातात.

खडा म्हटले की मुतखडा. मराठवाड्याचा उन्हाळा आणि अंगातून जाणारा घाम पाहता मुतखड्याचा रुग्ण गल्लोगल्ली सापडतो आणि त्याच्यासाठीचे हुलग्याचे पाणी, पानफुटीची पाने हे उपायही घरोघरी माहीत असतात. लहान मुतखडा लघवीवाटे पडू शकतो, त्यामुळे या उपायांचे नाव होते. पित्ताशयातल्या खड्याला ती वाटच नाही. तो निसटला तर पित्तनलिकेत, म्हणजे पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, जाऊन अडकण्याची भीती असते आणि अडकला की कावीळ, पित्तमार्गात पू किंवा स्वादुपिंडाला सूज, म्हणजे मूळ दुखण्यापेक्षा मोठे संकट. मोबाईलवर फिरणारा ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा 'खडे पाडण्याचा' उपाय तर निव्वळ दिशाभूल आहे: शौचातून पडणाऱ्या त्या मऊ हिरव्या गोळ्या म्हणजे आतड्यात तेलाचा झालेला साबण. पित्त पातळ करणारे एक औषध आहे, पण ते लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच थोडेफार चालते, महिनोन्महिने घ्यावे लागते आणि बंद केल्यावर खडे बहुधा पुन्हा होतात.

तिसरा शब्द पिशवी, आणि तो सर्वांत नाजूक. खेड्यात 'पिशवी काढली' म्हणजे गर्भाशय काढले असाच अर्थ लागतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला; त्या भागात डॉक्टरने पिशवी काढावी लागेल म्हटले की बाईच्या कपाळाला आठी पडणे साहजिक आहे. सासूला वाटते सून आता वांझ होणार, नवऱ्याला वाटते डॉक्टर लुटतोय. म्हणून 'पित्ताची' हा शब्द दोनदा उच्चारावा आणि जमल्यास सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून दाखवावा.

 

ऑपरेशन कधी, कधी नाही

दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि कधी दुखलेच नाही, तर सहसा ऑपरेशनची गरज नसते. अशा बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. हे स्पष्ट लिहावे लागते, कारण कागदावर 'खडे' वाचून घाबरलेला रुग्ण टेबलावर लवकर चढतो. एकदा मात्र खड्याची खरी कळ येऊन गेली की ती पुन्हा येण्याचा संभव बराच असतो आणि तेव्हा ऑपरेशन हाच टिकाऊ उपाय. पिशवीला सूज येऊन ताप भरला, कावीळ झाली किंवा स्वादुपिंड सुजले तर वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. खडा नलिकेत असेल तर आधी तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढतात आणि नंतर पिशवी.

नुसते खडे काढून पिशवी का ठेवत नाहीत, हा ओपीडीत हटकून येणारा प्रश्न. खडे घडवते ती पिशवीच. ती ठेवली की काही वर्षांत पुन्हा तेच.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना ऑपरेशनची वेळ ठरवणे अवघड जाते. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने मोळ्या वाहायच्या असतात. वाट पाहण्याजोगा आजार असेल तर निघण्याच्या निदान दीड-दोन महिने आधी ऑपरेशन उरकणे शहाणपणाचे. फडात कळ उठली तर जवळचा दवाखाना कुठला, हेही माहीत नसते.

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय, म्हणजे सगळ्यांची 'घाटी', अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, लातूर आणि नांदेड इथली शासकीय महाविद्यालये हे या भागातले मोठे आधार. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, हे शिधापत्रिका आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारावे. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

टेबलावर

पित्ताशय पहिल्यांदा काढले ते कार्ल लांगेनबुख या शल्यविशारदाने, बर्लिनमध्ये, १८८२ साली. पुढची शंभर वर्षे बरगडीखाली वीतभर चीर देऊनच हे काम होत राहिले. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून केले. भारतात ही पद्धत आणली तेहमटन उडवाडिया यांनी, १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात.

दुर्बीण हा शब्द मराठवाड्याच्या खेड्यांना कुटुंब नियोजनाच्या शिबिरांतून आधीच ठाऊक होता. त्यामुळे एक गैरसमज होतो. त्या ऑपरेशनला जागा बधिर करून थोडी गुंगी दिली तरी भागते आणि बाई संध्याकाळी घरी जाते. पित्ताच्या पिशवीला मात्र पूर्ण भूल लागते आणि श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्यासाठी आधी सहा तास घन अन्न बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत. साखरेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. गुटखा-तंबाखूबद्दलही. वर्षानुवर्षे गुटखा खाणाऱ्याचे तोंड पुष्कळदा दोन बोटांपलीकडे उघडत नाही आणि भूलतज्ज्ञाला नळी घालणे जिकिरीचे होते. म्हणून तो 'आ करा' म्हणतो तेव्हा लाजू नये. मिश्री लावणाऱ्या बायका तंबाखू खाता का या प्रश्नाला हमखास नाही म्हणतात. मिश्री तंबाखूचीच असते.

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते. बेंबीजवळ एक आणि इतर तीन अशी बहुधा चार छिद्रे, अर्धा ते एक सेंटिमीटरची. पिशवीची नळी आणि तिला रक्त नेणारी धमनी वेगवेगळ्या ओळखायच्या, टायटॅनियमच्या क्लिपा लावून कापायच्या, मग पिशवी यकृतापासून सोडवून छिद्रातून बाहेर घ्यायची. सरळ काम असेल तर पाऊण ते दीड तास. यातला सगळा कस त्या ओळखण्यात आहे. यकृताची मुख्य पित्तनलिका तिथेच शेजारी असते आणि चुकून तिला इजा झाली तर दुरुस्ती मोठी असते. हे हजारात साधारण तीन ते पाच जणांच्या बाबतीत घडते. सुजेने सगळे चिकटलेले असले आणि नीट दिसेना की चांगला सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतो. संमतीपत्रात ते वाक्य असतेच. 'दुर्बिणीचे सांगून पोट फाडले' अशी तक्रार नातेवाईक करतात; बहुतेक वेळा तिथे सावधगिरी घेतलेली असते.

दवाखान्यातले दिवस

जागे झाल्यावर घसा खवखवतो, तो नळीमुळे. मळमळ होते. आणि सर्वांत चकित करणारे म्हणजे पोटाऐवजी उजवा खांदा दुखतो. पोटात उरलेल्या वायूने पडदा, म्हणजे श्वासपटल, चुरचुरते आणि त्याची जाणीव खांद्याला होते. पहिल्या रात्री 'खांद्याला काय केलं?' म्हणून नर्सला उठवणारे रुग्ण पुष्कळ. दोन-तीन दिवसांत ते जाते, आणि चालल्याने लवकर जाते.

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठून चालायला लावतात. इथे घरच्यांशी खटका उडतो. कान बांधलेले, अंगावर घोंगडी, आणि उशाशी मावशी सांगत असते, 'हलू नको माय, टाके तुटतील.' टाके चालण्याने तुटत नाहीत. पडून राहिल्याने मात्र पायात रक्ताची गुठळी होण्याचा आणि छातीत कफ साचण्याचा धोका वाढतो. खोकताना पोटावर उशी दाबून धरावी; घरी जाताना एसटीच्या खड्ड्यांतही तीच उशी कामी येते.

काही तासांत पाणी, मग पेज, दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि मुगाचे वरण. दुर्बिणीचे असेल तर एक-दोन दिवसांत सुटी, उघडे असेल तर चार-सहा दिवस.

घरी

मराठवाड्यात मोठे ऑपरेशन झाले की बाळंतिणीसारखे सव्वा महिना पथ्य ठरलेले. आंबट नको, टाके पिकतील. वांगे नको, वातूळ. गार पाणी नको. याला आधार नाही. ताक चालते, ज्वारीच्या कण्या तर उत्तमच. पहिले दोन-तीन आठवडे तेलकट बेताने घ्यावे, कारण साठवण गेली, पित्त आता थेंबथेंब थेट आतड्यात येते आणि एकदम आलेले तूप पचवायची सवय व्हायला आतड्याला वेळ लागतो. काहींना जेवण होताच पातळ शौचाला पळावे लागते. बहुतेकांचे काही आठवड्यांत थांबते, थोड्यांचे टिकते आणि त्यावर औषध आहे. उलट सुरुवातीच्या दिवसांत दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होणेही तितकेच नेहमीचे. नंतर भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी, सगळे चालते. काळ्या मसाल्याची तर्री आयुष्यभर वर्ज्य, असे काही नाही.

आंघोळ साधारण दोन दिवसांनी, डॉक्टरांना विचारून. उन्हाळ्यात घामाने बेंबीची जखम ओली राहते, ती कोरडी टिपावी. हळद, राख काही भरू नये. बसून करायचे काम आठवडा-दोन आठवड्यांत जमते. कळशी, मोळी, युरियाचे पोते चार ते सहा आठवडे नाही, आणि उघडे ऑपरेशन असेल तर दोन महिन्यांपर्यंत. हे ऐकून बायका मान डोलावतात आणि आठव्या दिवशी हंडा उचलतात. घरातल्या पुरुषांना समोर बसवून सांगितल्यास फरक पडतो.

परत फिरण्याच्या खुणा लक्षात ठेवाव्या: ताप, दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, पोट फुगून उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढरट, जखमेतून पू किंवा हिरवट-पिवळे पाणी, एका पायाची पोटरी सुजणे, धाप. यात एकही दिसले तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नये.

पुढे काही महिन्यांनी रुग्ण हिरमुसून येतो: 'पिशवी काढली तरी पित्त आहेच.' चौकशी केली की ती छातीतली जळजळ निघते, जठराची, जी पिशवीने कधी केलीच नव्हती. हे ऑपरेशनआधी सांगितलेले असले तर ही फेरी वाचते. खड्याची जुनीच कळ पुन्हा उठली तर मात्र नलिकेत खडा राहिला का, हे तपासतात.

काढलेले खडे प्लास्टिकच्या डबीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात. मुगाएवढे, मिरीएवढे, कधी बोराएवढा एकच. डबी गावी जाते, पाहुण्यांना दाखवली जाते, देवळीत वर्षभर राहते. पिशवी मात्र तपासणीला पाठवायची असते, कारण क्वचित तिच्यात कर्करोग निघतो, जो सोनोग्राफीत दिसलेला नसतो. तो अहवाल आठ-दहा दिवसांनी येतो आणि पुष्कळदा न्यायला कोणी फिरकत नाही. टाके काढायला जाल तेव्हा तो कागद मागून घ्यावा, डॉक्टरांकडून वाचून घ्यावा आणि त्या डबीशेजारी ठेवावा.