बुजलेली नळी आणि स्वस्तातली बंदूक

बारा बोरच्या बंदुकीत चुकून वीस बोरचं काडतूस घातलं, तर ते सहजासहजी परत हातात येत नाही. बोरचा आकडा मोठा, पण व्यास कमी असल्यामुळे ते चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेतून, सरळ पुढे घरंगळतं. बुडाची पितळी कड मात्र रुंद असते, त्यामुळे नळी जिथे अरुंद होत जाते तिथे ते रुतून बसतं. शिकारी चाप ओढतो, बार होत नाही. बंदूक उघडून बघतो तर चेंबर रिकामं. भरायलाच विसरलो असं वाटून तो बारा बोरचं काडतूस घालतो आणि पुन्हा चाप ओढतो. नळी फुटते ती बहुतेक वेळा चेंबरच्या जरा पुढे, आणि बंदूक धरणाऱ्याचा डावा हात नेमका तिथेच असतो. वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायचा अमेरिकेतला रिवाज या अपघातातूनच पडला. खिशातून पिवळं काडतूस निघालं तर हातातली बंदूक कोणती हे आधी बघायचं, इतकाच त्या रंगाचा अर्थ.

नळी बुजवणाऱ्या गोष्टींची यादी लांबलचक आहे. चिखल, बर्फ, साफसफाईत आत राहून गेलेली चिंधी, कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या बंदुकीत कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर. नुसतं पाणीसुद्धा पुरतं. व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफल आली, तिच्या नळीचा बोर, म्हणजे आतला व्यास, जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा. एवढ्या बारीक नळीत शिरलेलं पाणी आपोआप गळून जात नाही. म्हणून सैनिकांना शिकवलं जाई, की आधी नळीचं तोंड खाली करा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) जरासा मागे ओढून वरून हवेला वाट द्या, पाणी निथळू द्या, मग गोळी झाडा. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना काही सैनिकांनी रायफलीच्या तोंडावर चक्क निरोध चढवले होते, तेही पाणी आणि वाळू आत जाऊ नये म्हणूनच.

कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून आहेत. तिथे तर बाहेरून काही शिरायचीही गरज नसते. गोळी गजाने ठोकून दारूला टेकवायची असते. ती अर्ध्यावर राहिली, किंवा रानातून चालताना पुढे सरकली, तर दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहते. मग स्वतःची गोळीच बूच होऊन बसते. जुनी माणसं गजावर खूण करून ठेवत ती यासाठी. खूण नळीच्या तोंडाशी आली नाही, तर गोळी बुडाला पोचलेली नाही.

आणि सर्वांत फसवा अडथळा म्हणजे फुसका बार. काडतुसात दारूच भरलेली नसते किंवा ओलावलेली असते. काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या नुसत्या टोपीच्या स्फोटाने गोळी काही सेंटिमीटर पुढे ढकलली जाते आणि नळीतच अडकते. आवाज दबका येतो, धक्का जवळपास बसत नाही. भरभर गोळ्या झाडणाऱ्याच्या हे लक्षात येईपर्यंत पुढचा बार झालेला असतो.

आता नळी का फुटते, ते पाहू. वायूला बाहेर जायला वाट नाही म्हणून दाब साचतो आणि नळी फाटते, असं बहुतेकांना वाटतं. हे अर्धंच खरं आहे. अडथळा चेंबरला लागूनच असेल तर जवळजवळ तसंच घडतं. पण अडथळा पुढे, नळीच्या मध्यावर असेल, तर मामला निराळा असतो. तोवर मागच्या गोळीने चांगला वेग घेतलेला असतो.

ढोबळ हिशेब करून बघू. ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरू. तिच्या अंगी सुमारे ४९० ज्यूल ऊर्जा असते. ही गोळी अडकलेल्या गोळीवर आदळून एक सेंटिमीटरमध्ये थांबली, असं समजा. सरासरी बल निघतं ४९,००० न्यूटन, म्हणजे पाच टनांचा भार. हा भार नळीच्या जेमतेम ६४ चौरस मिलिमीटर छेदावर येतो. भागाकार केला तर उत्तर येतं ७७० मेगापास्कल. नेहमीचा बार होताना याच पिस्तुलाच्या चेंबरमध्ये जास्तीत जास्त २४० मेगापास्कल दाब अपेक्षित असतो. म्हणजे तिपटीहून अधिक. त्या दाबाखाली गोळीतलं शिसं घट्ट राहतच नाही, द्रवासारखं वागतं आणि सगळीकडे, म्हणजे बाजूच्या भिंतीवरही, रेटा देतं. त्यात मागून येणारा तापलेला वायूही थबकतो. पुढचा डबा अडला की मागचे डबे त्यावर चढावेत, तसा त्याचा लोंढा तिथेच थडकतो.

भिंतीला काय सोसावं लागतं? नळीची आतली त्रिज्या साडेचार मिलिमीटर आणि जाडी तीन मिलिमीटर धरली, तर आतल्या पृष्ठभागावर पोलादाला ताणणारा जोर दाबाच्या साधारण २.१ पट असतो. नेहमीच्या बाराला हा ताण ५१० मेगापास्कलच्या आसपास येतो. नळीसाठी वापरतात ते क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद कायमचं वाकण्याआधी सातशे ते नऊशे मेगापास्कल सोसतं. म्हणजे इथे चांगली शिल्लक आहे. बुजलेल्या नळीत मात्र हाच ताण १,६०० च्या पुढे जातो. पोलाद हरतं, पण हरणं म्हणजे तुटणं नव्हे. चिवट पोलाद ताणलं जातं, त्या ताणण्यात ऊर्जा गिळतं, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात सगळं संपतं. मागे उरतो तो नळीभोवती अंगठीसारखा फुगवटा. गोळ्या बहुधा दोन्ही बाहेर पडतात. बुजलेली नळी म्हणजे चिंधड्या, हे सिनेमातलं चित्र आहे. प्रत्यक्षात फुगवटा पुष्कळ वेळा दिसतो, आणि कित्येकदा नेमबाजाला त्याचा पत्ताही नसतो.

रिव्हॉल्वर यात आणखी एक गंमत करतं. त्याच्या फिरत्या चक्राच्या आणि नळीच्या मध्ये कागदाएवढी फट असते. वायूला तिथून निसटायला जागा मिळते. त्यामुळे नळीत चार-पाच गोळ्या एकामागे एक खेटून बसल्या आणि तरी रिव्हॉल्वर अख्खं राहिलं, असे प्रसंग घडलेले आहेत. अशा नळ्या उभ्या कापल्या की शिशाच्या टोप्यांची उतरंड दिसते.

हे सगळं कळलं की स्वस्त बंदूक महागड्या बंदुकीच्या आधी फुटते का, या वादाकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. अमेरिकेत ओहायो राज्यात १९९२ पासून हाय-पॉइंट नावाची पिस्तुलं बनतात. कित्येक वर्षं ती दोनशे डॉलरच्या आत मिळत. दिसायला ओबडधोबड, धरायला जड, आणि बंदूकशौकिनांच्या विनोदाचा हमखास विषय. हौशी मंडळींनी त्यांच्या नळ्या मुद्दाम बुजवून, दुरून दोरीने चाप ओढून, ती फोडायचा प्रयत्न केल्याचे व्हिडिओ आहेत. नळी फुगते, पण पिस्तूल अनेकदा एकसंध राहतं, आणि बघणाऱ्यांना त्याचं नवल वाटतं.

नवल वाटण्यासारखं त्यात काही नाही. महागड्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, एकमेकांत अडकतात, दाब उतरला की सुटतात. ही बारीक यंत्रकारागिरी महाग पडते. हाय-पॉइंटमध्ये ती नाहीच. नळी चौकटीत पक्की बसवलेली, आणि वायूला रोखण्याचं काम स्लाइडच्या नुसत्या वजनावर सोपवलेलं. म्हणून स्लाइड ठोकळ्यासारखी असते आणि रिकामं पिस्तूल आठशे ग्रॅमच्या वर जातं. त्याच गोळीचं ग्लॉक १७ साडेसहाशेच्या आसपास भरतं. दाब अचानक वाढला, तर ठोकळा जरा लवकर मागे सरकतो, काडतुसाचं पितळ फाटतं, वायू खाली मॅगझिनच्या वाटेने निसटतो. हाताला झणझणी बसते, पण नळी तगते. नळी पोलादाचीच आहे, आणि पोलादाला दुकानातली किंमत कळत नाही.

स्लाइड मात्र झामाक नावाच्या जस्ताच्या मिश्रधातूची असते. हा धातू ३९० अंश सेल्सिअसच्या खालीच वितळतो, त्यामुळे साच्यात ओतायला स्वस्त. अमेरिकेतल्या इलिनॉयसारख्या काही राज्यांनी स्वस्त पिस्तुलं रोखण्यासाठी कायद्यात वितळण्याचं तापमानच घातलं. ८०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४२७ सेल्सिअसच्या खाली वितळणारी चौकट किंवा स्लाइड असेल तर विक्रीला बंदी. पिस्तूल कोणी भट्टीत झाडत नाही. वितळबिंदूचा आणि एका दणक्यात फुटण्याचा फारसा संबंध नाही. त्या कायद्यामागचा हेतू सामाजिक होता, निकष प्रयोगशाळेतून उचललेला.

उलट्या बाजूचं उदाहरण अमेरिकन सरकारच्याच शस्त्रागारातलं आहे. स्प्रिंगफील्डची १९०३ सालची रायफल त्या काळी उत्तम कारागिरीचा नमुना मानली जाई. पण १९१७ मध्ये काही रायफलींचे रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट बसतो ते मुख्य अंग, काचेसारखे तडकले. चौकशीत उघड झालं ते विलक्षण होतं. पोलाद तापवताना तापमान मोजत नव्हते. मुरलेले कारागीर लालबुंद रंग बघून नजरेने ठरवत. पण उजेड बदलला की नजर बदलते. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेलं पोलाद फिकं दिसतं, म्हणून ते आणखी तापवलं जाई. ढगाळ दिवसाच्या आणि उन्हाच्या दिवसाच्या तापमानात ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत फरक पडत होता, असं अमेरिकन लष्कराचे शस्त्रतज्ज्ञ ज्युलियन हॅचर यांनी नोंदवलं आहे. जास्त तापलेलं पोलाद कडक होतं, पण चिवट राहत नाही. काडतुसाचं पितळ फाटून वायू मागे आला, की ते ताणलं जाण्याऐवजी तुकडे होऊन उडत असे. त्यानंतर भट्टीचं तापमान मोजणारे पायरोमीटर आले आणि उष्णतेची प्रक्रियाच बदलली. ८,००,००० च्या खालच्या क्रमांकाची स्प्रिंगफील्ड आजही जाणकार झाडत नाहीत, भिंतीवर टांगतात.

जपानी अरिसाका टाइप ३८ रायफलीची कथा मला सर्वांत आवडते. तिची नळी साडेसहा मिलिमीटरची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुणीतरी तिचं फक्त चेंबर कोरून मोठं केलं, नळी तशीच ठेवली, आणि तिच्यातून जवळपास आठ मिलिमीटर व्यासाच्या .३०-०६ नावाच्या काडतुसाच्या गोळ्या झाडल्या. मालकाची तक्रार एवढीच, की धक्का फार बसतो. रायफल पुढे अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनकडे तपासायला आली. इथे अख्खी नळीच अडथळा होती. पण गोळी शून्य वेगापासून तिच्यात शिरत होती, वेगाने आदळत नव्हती. दाब भयंकर वाढला असणार, तरी हातोड्याचा घाव बसला नाही. त्यात रिसीव्हरचं पोलाद कठीणही होतं आणि चिवटही.

स्वस्त शस्त्रांची खरी दुखणी सहसा वेगळीच असतात. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची स्टेन ही छोटी मशीनगन दोन-अडीच पौंडात बनायची. तिची बदनामी झाली ती हातातून पडली की आपोआप सुटते म्हणून. १९४२ सालचं लिबरेटर पिस्तूल पत्रा ठोकून, दोन-सव्वादोन डॉलरला बनलं. अकरा आठवड्यांत दहा लाख नग, म्हणजे साडेसहा सेकंदांना एक. ते पुन्हा भरायला याहून जास्त वेळ लागे! फार तर पन्नासेक गोळ्या टिकावं एवढीच अपेक्षा होती, सोबत दहाच गोळ्या दिल्या होत्या.

गावठी कट्टा या रांगेत बसत नाही. तो स्वस्त आहे हा मुद्दाच गौण. त्याची नळी कोणत्या पोलादाची, ती कशी तापवली, चेंबर किती मोठं, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली, पुढे १८१३ मध्ये बर्मिंगहॅमला चाचणीघर निघालं. तिथे प्रत्येक नळीत मुद्दाम जादा दाबाचं काडतूस झाडून मगच शिक्का मारत. आजच्या युरोपीय नियमांत हा जादा दाब किमान पंचवीस टक्के असतो. कट्ट्याची चाचणी पहिल्या बाराला, चालवणाऱ्याच्याच हातात होते.

शिक्क्याची नळी तरी अडथळ्यासाठी तपासलेली नसते. पंचवीस टक्के जादा कुठे आणि तिप्पट कुठे. शिवाय एकदाचा दणका सोसणं आणि हजारो बार सोसणं या दोन निराळ्या परीक्षा आहेत. झामाक पहिलीत बऱ्यापैकी पास होतो, दुसरीत थकतो. कोपऱ्यांतून केसाएवढ्या भेगा सुरू होतात, खाचा झिजतात. फुगलेल्या नळीचं मात्र निदान सोपं आहे. बंदूक रिकामी करून, उघडून, मागच्या बाजूने उजेड घेऊन नळीत बघायचं. सरळ चकाकणाऱ्या भिंतीवर मध्येच एक काळं कडं दिसलं, तर तिथे कधीतरी दोन गोळ्या भेटल्या आहेत. अशी नळी पुढे बरेच दिवस नीट चालू शकते, नेमही फारसा बिघडत नाही, म्हणूनच लोक ती बदलायचा आळस करतात. पण त्या कड्यापाशी पोलाद एकदा आपल्या मर्यादेपलीकडे ताणलेलं असतं आणि भिंत पातळ झालेली असते. पुढचा फुसका बार तिथेच अडकला, तर यावेळी ताणायला शिल्लक फार थोडं असतं.