पिल्लाचं नाक शूमध्ये घासून ते शिकत नाही

घरात शू केली की कुत्र्याच्या पिल्लाचं नाक त्यात घासायचं, म्हणजे पुन्हा करणार नाही, हा सल्ला अजूनही बिनदिक्कत दिला जातो. तो चुकीचा आहे आणि क्रूरही. 5 मिनिटांपूर्वीच्या शूशी आत्ताच्या शिक्षेचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. कान पाडून, अंग चोरून बसतं ते तुमच्या रागाला घाबरून. त्याला अपराधी चेहरा समजू नका. ते शिकतं एवढंच, की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग सोफ्यामागे जाऊन करतं आणि बाहेर नेलं तरी तुमच्यादेखत करत नाही.

उपाय वेळ साधण्यात आहे. झोपून उठल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच, खाल्ल्यावर 10-20 मिनिटांत ठरलेल्या एकाच जागी न्या. 2 महिन्यांचं पिल्लू असेल तर जागेपणी दर तासाला. शू संपताच, तिथेच, 2 सेकंदांच्या आत उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा द्या. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात येण्याचं बक्षीस ठरतो. घरात झालीच तर न ओरडता एन्झाइमवाल्या (शूचा वास मोडणाऱ्या) क्लीनरने पुसा. अमोनियाचा क्लीनर नको, त्या शूसारख्या वासाने पिल्लू पुन्हा तिथेच येतं. नीट शिकलेलं पिल्लू अचानक थेंबथेंब, वारंवार करू लागलं, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.