वैद्यक सहयोगींचे निरंतर व्यावसायिक शिक्षण

डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाची हकिकत घेणारा, त्याला तपासणारा, ठरवून दिलेल्या मर्यादेत उपचार करणारा आणि पुढचा पाठपुरावा ठेवणारा प्रशिक्षित व्यावसायिक म्हणजे वैद्यक सहयोगी, अर्थात फिजिशियन असोसिएट. पदवी हाती आल्यानंतर त्याने सेवाकाळात घेत राहावयाचे शिक्षण हा या नोंदीचा विषय आहे. हा पेशा १९६५ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सेवकांना घेऊन सुरू केला. तेथे आज प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर दोन वर्षांनी १०० तासांचे शिक्षण नोंदवावे लागते. भारतात पहिला अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईत हृदयशस्त्रक्रियेच्या गरजेतून निघाला, आणि २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या पेशाला परिशिष्टात स्थान दिले.

मराठवाड्यात हे पदनाम मोठ्या शहरांतील मोजक्या खासगी रुग्णालयांबाहेर क्वचितच ऐकू येते. खेड्यात त्याच्या सर्वांत जवळ जाणारे काम उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे लोकांच्या तोंडी 'सीएचओ मॅडम' किंवा 'सीएचओ सर', करतात. त्यांचे मूळ शिक्षण परिचर्या किंवा आयुर्वेदाचे असते, त्यावर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम झालेला असतो आणि साधारण पाच हजार लोकवस्ती त्यांच्याकडे सोपवलेली असते. दोन्ही पदे कायद्याने एक नाहीत. परंतु डॉक्टर जवळ नसताना डॉक्टरांच्या वतीने निर्णय घ्यावा लागणे ही अडचण दोघांची सारखीच आहे, आणि निरंतर शिक्षणाची गरज तेथूनच उत्पन्न होते.

विंचुदंशाचे उदाहरण या भागासाठी सर्वांत बोलके आहे. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय ही लक्षणे दिसली, तर पुढे फुप्फुसात पाणी होऊन रुग्ण दगावू शकतो. मूळचे जालना जिल्ह्याचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करताना रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध अशा रुग्णांना देऊन पाहिले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढे त्यांच्याच चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असे आढळले. म्हणजे १९८० च्या दशकात शिकलेला उपचार योग्य असूनही पंचवीस वर्षांनी अपुरा ठरला. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवे ठेवावे लागते. नातेवाइकांनी त्याला लघवीसाठी उठवून उभे केले तर तो कोसळू शकतो. विंचू उतरवणाऱ्याकडे आधी गेलेल्या कुटुंबाला हे समजावून सांगणे हादेखील प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे, परंतु तासांच्या हिशेबात तो बसत नाही.

सर्पदंशातील रक्त गोठण्याची तपासणी दिसायला याहून सोपी आहे. शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच तिरपी करायची. रक्त पातळच राहिले असेल तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा संशय बळावतो. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल तर निष्कर्ष फसवा येतो, आणि मधेच कुतूहलाने ती हलवून पाहण्याचा मोह तर प्रत्येकालाच होतो. ही गोष्ट पडद्यावरच्या चित्रांतून शिकता येत नाही. नळी स्वतःच्या हातात धरावी लागते.

नोंदणी टिकवण्यासाठी महाराष्ट्रातील डॉक्टरांना पाच वर्षांत ३० श्रेयगुण मिळवावे लागतात. अशी मोजणी उपस्थितीपुरती प्रामाणिक असते, कौशल्याविषयी ती काही सांगत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी आणि अहवालांचे आकडे जुळवण्यात दुपार निघून गेली, तर शिकवणीला उरलेला अर्धा तास चहाबरोबर संपतो. शिकवणारे तज्ज्ञ मुख्यतः छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर व नांदेड येथील वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. किनवटहून नांदेडला जायचे म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास आणि तेवढा वेळ कुलूपबंद उपकेंद्र. ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेने ही अडचण काहीशी हलकी केली आहे. पुढ्यातल्या रुग्णाविषयी पडद्यावरील डॉक्टर जे प्रश्न विचारतात, तेच पुढच्या वेळी आपण आधी विचारावेत हे कळू लागते. रेंज टिकली तर ही शिकवणी कोणत्याही कार्यशाळेहून सरस ठरते.

वेळापत्रकही स्थानिक असावे लागते. दंशांची उजळणी मृग लागण्यापूर्वी, पेरणीची लगबग सुरू होण्याआधी व्हायला हवी. बीड आणि धाराशिवकडे ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात, तेव्हा रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णाला किती महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या, कोणता कागद सोबत द्यायचा आणि फडावर चक्कर आली तर कोणाला फोन करायचा, हे तोपर्यंत ठरलेले असावे लागते.